परदेशातली न्याहरी : रवा तोच, नाव निराळे

नोकरीच्या निमित्ताने परदेशी निघालेल्या कुटुंबाच्या सामानाची यादी साधारण ठरलेली असते. कुकर, पोळपाट-लाटणे, मिसळणाचा डबा, गोडा मसाला, लोणचे आणि वजनाच्या मर्यादेत बसतील तेवढी पुस्तके. या यादीत घरातल्या दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या वाटीचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. मोठी माणसे नव्या मुलखात पहिले काही आठवडे पाव, चीज आणि फळांवर निभावून नेतात. लहान मूल निभावून नेत नाही. सकाळी उठल्यावर जी ऊन ऊन, मऊ, ओळखीच्या वासाची वाटी त्याच्यासमोर येत होती, तीच त्याला हवी असते. मग ती रव्याची खीर असो, नाचणीचे सत्त्व असो, दलियाची लापशी असो किंवा तूप-मीठ घातलेली तांदळाची पेज असो.

ती न मिळाल्यास पुढे काय होते, हे परदेशस्थ पालकांच्या चांगल्याच परिचयाचे आहे. सुपरमार्केटमध्ये न्याहरीच्या धान्यांची आख्खी रांग मांडलेली असते. पण तिच्यातली बहुतेक खोकी थंड दुधात घालून खायच्या कुरकुरीत पदार्थांची, आणि त्यांतही मुलांसाठी म्हणून जी असतात ती साखरेने माखलेली. मूल उपाशी राहू नये म्हणून त्यातलेच एक रंगीत खोके घरी येते, मुलाला ते आवडतेही, आणि महिन्या-दोन महिन्यांत गरम वाटीची सवय सुटते. ही तडजोड बहुतेक ठिकाणी टाळता येण्यासारखी असते. शिजवलेले मऊ धान्य मुलांना भरवण्याची रीत जगाच्या फार मोठ्या भागात आहे. ते धान्य दुकानात असतेच, फक्त वेगळ्या नावाने आणि वेगळ्या फळीवर. म्हणून पाकिटावरच्या नावापेक्षा धान्य कोणते, ते कसे दळले किंवा शिजवून वाळवले आणि त्यात वरून काय घातले, हे वाचता येणे महत्त्वाचे ठरते.

रव्यापासून सुरुवात करणे सोयीचे. कारण रवा जवळजवळ सर्वत्र मिळतो आणि जवळजवळ सर्वत्र फसवतो.

अमेरिकेतील १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर भारतीय डॉक्टर आणि इंजिनीअर तिकडे मोठ्या संख्येने जाऊ लागले, तेव्हा भारतीय वाणसामानाची दुकाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आज देशभर शाखा असलेल्या पटेल ब्रदर्सचे पहिले दुकान शिकागोच्या डेव्हन अॅव्हेन्यूवर उघडले ते १९७४ साली. त्याआधी, आणि लहान गावांत त्यानंतरही बरीच वर्षे, अनेक मराठी घरांतला उपमा, शिरा आणि सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा ‘क्रीम ऑफ व्हीट’ नावाच्या खोक्यातून निघत असे. या खोक्याचा जन्म १८९३ सालचा, नॉर्थ डकोटा राज्यातील ग्रँड फोर्क्स या गावचा. मंदीने डबघाईला आलेल्या तिथल्या एका पीठगिरणीतला मुख्य गिरणीवाला टॉम अॅमिडन गव्हाच्या दाण्याच्या मधल्या भागाचा कणीदार चुरा घरी नेऊन त्याची लापशी करवीत असे. तोच खोक्यांत भरून पिठाच्या मालासोबत न्यूयॉर्कला पाठवला गेला, आणि तिकडच्या दलालांनी पीठ राहू द्या, हेच पाठवा, असे उलट कळवले, अशी हकिकत सांगितली जाते. थोडक्यात, अमेरिकेचा हा सुप्रसिद्ध गरम नाश्ता म्हणजे साध्या गव्हाचा बारीक रवाच होय.

अमेरिकी सरकारच्या व्याख्येनुसार अशा रव्याला ‘फरिना’ म्हणतात आणि तो ड्युरम सोडून इतर गव्हाचा असावा लागतो. ड्युरम गव्हाच्या रव्याला तिथे ‘सेमोलिना’ हे नाव आहे. आपल्याकडचा नेहमीचा रवा साध्या गव्हाचा, तर बन्सी रवा ड्युरमचा. म्हणजे इंग्रजी शब्दकोशात रव्यापुढे ‘सेमोलिना’ लिहिलेले असले, तरी अमेरिकेतल्या फळीवर आपल्या बारीक रव्याच्या अधिक जवळचा असतो तो फरिना. ड्युरमचा रवा वाईट नव्हे. तो पिवळसर असतो, शिजायला किंचित अधिक वेळ आणि पाणी घेतो, आणि त्याची खीर थोडी कणीदार राहते. मोठ्यांना हा फरक जाणवतही नाही. दोन वर्षांचे मूल मात्र दुसऱ्या घासाला तोंड फिरवते.

क्रीम ऑफ व्हीट घेताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तेच नाव असलेली खोकी दहा मिनिटांत, अडीच मिनिटांत, एका मिनिटात शिजणारी अशी वेगवेगळी असतात, आणि नुसते गरम पाणी ओतायची छोटी पाकिटेही असतात. तुपावर भाजून शिरा किंवा उपमा करायचा असेल तर दहा मिनिटांचेच घ्यावे. लवकर शिजण्यासाठी प्रक्रिया केलेला प्रकार भाजला तरी पाण्यात पडताच चिकट होतो. छोट्या पाकिटांत चवीसाठी साखर आणि मीठ घातलेले असण्याचा संभव अधिक, तेव्हा मागची बाजू वाचल्याशिवाय ती मुलासाठी घेऊ नयेत. दक्षिणेकडच्या राज्यांत ‘ग्रिट्स’ म्हणून जे पांढरे, हुबेहूब रव्यासारखे दिसणारे धान्य मिळते ते मक्याचे. त्याचा सांजा करून पाहिलेली मंडळी पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. तसा ग्रिट्स हा दूध-लोणी घालून खाण्याचा फार चांगला पदार्थ आहे, पण तो त्याच्या नावानेच खावा.

ब्रिटनमध्ये रव्याला सरळ सेमोलिना म्हणतात आणि तो दुधात शिजवून केलेली खीर तिथल्या एका पिढीला शाळेच्या जेवणातला पदार्थ म्हणून ठाऊक आहे. काहींना ती प्रिय, पुष्कळांना तिच्या आठवणीनेही नकोशी. तिथे भारतीय वस्तीच्या बहुतेक शहरांत जाडा आणि बारीक असा दोन्ही प्रकारचा रवा सहज मिळतो. प्रश्न येतो तो छोट्या गावात नोकरी मिळालेल्यांना. अशा गावात भारतीय दुकान नसले तरी पोलिश दुकान असण्याचा संभव बराच असतो, आणि पोलंडमध्ये रव्याची दुधातली खीर, म्हणजे ‘काशा मान्ना’, हा लहान मुलांचा अगदी नेहमीचा आहार आहे. पोलिश दुकानातले ते पाकीट म्हणजे बारीक रवाच. ‘मान्ना’ हा शब्द मनात पक्का ठेवला तर बाल्टिकच्या दोन्ही बाजूंना तो उपयोगी पडतो. रशियात ‘मान्नाया काशा’, फिनलंडमध्ये ‘मान्नापूरो’, स्वीडनमध्ये ‘मान्नाग्रीन’. या सगळ्या देशांत तिथल्या आज्या नातवंडांना हेच भरवत आल्या आहेत.

जर्मनीत रवा म्हणजे ‘ग्रीस’. त्यातही ‘वाइखवाइत्सनग्रीस’ हा मऊ, म्हणजे साध्या गव्हाचा, आणि ‘हार्टवाइत्सनग्रीस’ हा कठीण, म्हणजे ड्युरमचा. खिरीसाठी पहिला, उपम्यासाठी दोन्ही चालतात. ही पाकिटे न्याहरीच्या रांगेत न सापडता बहुधा पीठ, साखर आणि बेकिंगच्या सामानाजवळ असतात. नवख्या माणसाचे पहिले दोन शनिवार त्यामुळेच वाया जातात. रविवारी तर तिथली दुकाने बंदच. ‘माइसग्रीस’ हा मक्याचा आणि ‘डिंकलग्रीस’ हा गव्हाच्याच स्पेल्ट नावाच्या जुन्या जातीचा रवा. दुसरा मुलाला द्यायला हरकत नाही. मात्र गव्हाची ॲलर्जी असलेल्याला तो चालेल अशी समजूत असते ती चुकीची आहे.

फ्रान्समध्ये ‘समूल’ म्हणजे रवा, पण कुसकुस या शिजवून वाळवलेल्या गोळीदार पदार्थालाही बोलण्यात तोच शब्द वापरतात. इटलीत ‘सेमोलिनो’ हा लहान मुलांच्या खिरीचा रवा, तर ‘सेमोला रिमाचिनाता’ हे दुसऱ्यांदा दळलेले पीठ. त्याचा उपमा करू गेल्यास खळ होते. पाकीट उघडता येत नसले तरी बाहेरून बोटांनी दाबून पाहता येते. रवा वाळूसारखा सरकतो, पीठ दबून बसते. तुर्की दुकानांत ‘इर्मिक’ मागावा. तुर्कस्तानात इर्मिक लोण्यावर खमंग भाजून, वरून साखरेचे गरम पाणी किंवा दूध ओतून हलवा करतात. घरात मृत्यू झाल्यावर आणि धार्मिक प्रसंगी तो वाटण्याची तिथे प्रथा आहे. कृती पाहणाऱ्या कोणाही मराठी माणसाला तो शिराच वाटावा.

आखाती देशांविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. दुबई किंवा मस्कतच्या दुकानांत रव्याचे जितके प्रकार दिसतात तितके पुण्याच्या उपनगरातही नसतील.

दलिया आणि खपली

दलियाच्या बाबतीत गोंधळ होतो तो ‘बुलगुर’मुळे. दोन्ही दिसायला सारखे. दोन्ही गव्हाचेच तुकडे. पण आपला दलिया हा कच्च्या गव्हाचा भरडा असतो, तर बुलगुर हा गहू आधी उकडून, वाळवून मग भरडलेला. म्हणून बुलगुर नुसत्या गरम पाण्यात भिजवूनही खाता येतो आणि दलियाला मात्र कुकरच्या शिट्ट्या लागतात. तुपावर भाजलेल्या दलियाला जो खरपूस वास येतो तो बुलगुरला तितकासा येत नाही. तरीही मुलांच्या दृष्टीने बुलगुर ही चांगली सोय आहे. तुर्की आणि अरब दुकानांतला सर्वांत बारीक बुलगुर दुधात दहा-पंधरा मिनिटे शिजवून गूळ घातला की लापशी होते. कच्चा भरडा हवाच असेल तर इंग्रजी बोलणाऱ्या देशांत ‘क्रॅक्ड व्हीट’ असे विचारावे. बुलगुरवरही कधी कधी हे नाव छापलेले असते, तेव्हा घटकांच्या ओळीत उकडल्याचा उल्लेख आहे का ते पाहावे.

सांगली-कोल्हापूरकडच्या घरांत खपली गव्हाची खीर आणि लापशी होते. हा खपली म्हणजे इंग्रजीतला ‘एमर’, आणि इटलीत ‘फारो’ या नावाने जे धान्य विकले जाते ते बहुतांशी हेच. तिथे तो सूपात घालतात. ‘फारो स्पेझ्झातो’ म्हणजे भरडलेला फारो मिळाला, तर कृष्णाकाठची खीर मिलान शहरात होऊ शकते.

नाचणीचा शोध

खरी अडचण नाचणीची. दुकानात ‘नाचणी’ म्हणून विचारले तर भारतीय दुकानदारालाही, तो गुजराती किंवा पंजाबी असल्यास, अर्थबोध होईलच असे नाही. ‘रागी’ म्हटले की काम होते, कारण परदेशात मिळणाऱ्या पाकिटांवर बहुधा तोच कानडी शब्द छापलेला असतो. संयुक्त राष्ट्रसंघाने भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. त्या निमित्ताने भरडधान्यांची चर्चा बरीच झाली. पण भारतीय वस्ती विरळ असलेल्या शहरात नाचणीचे पीठ शोधायचे तर भारतीय दुकानापलीकडे पाहावे लागते.

श्रीलंकेत नाचणीला ‘कुरक्कन’ म्हणतात. श्रीलंकेतील यादवी युद्धाच्या काळात देशाबाहेर पडलेला तमिळ समाज टोरांटो, लंडन, पॅरिस, ऑस्लो, झुरिच अशा अनेक शहरांत स्थिरावला आणि त्याच्या दुकानांत कुरक्कनचे पीठ असते. पॅरिसच्या ला शापेल भागातून फिरणाऱ्या मराठी माणसाला त्या पाकिटावरची लिपी वाचता आली नाही, तरी आतले करड्या-तांबूस रंगाचे पीठ ओळखायला कष्ट पडत नाहीत. दुसरा पत्ता पूर्व आफ्रिकी दुकानांचा. नाचणी मूळची आफ्रिकेचीच. इथियोपिया-युगांडाच्या उंच प्रदेशातून ती हजारो वर्षांपूर्वी भारतात आली. केनियात तिला ‘विंबी’ म्हणतात आणि तिची ‘उजी’ नावाची पातळ पेज लहान मुलांना सकाळी दिली जाते. उजीच्या पिठात मका, ज्वारी, सोयाबीन मिसळलेले असू शकते, एवढे वाचून घ्यावे. तिसरा पत्ता नेपाळी दुकानांचा, आणि इथे एक मजेदार घोटाळा आहे. नेपाळीत नाचणीला ‘कोदो’ म्हणतात, तर आपल्याकडे कोदो म्हणजे कोद्रा किंवा कोकणातला हरीक, अगदी वेगळे धान्य. पाकीट देवनागरीत असल्यामुळे मराठी माणूस ते आत्मविश्वासाने वाचतो आणि तितक्याच आत्मविश्वासाने परत ठेवतो.

उलट युरोप-अमेरिकेच्या आरोग्याहाराच्या दुकानांत नुसते ‘मिलेट’ किंवा जर्मनीत ‘हिर्से’ म्हणून जे मिळते ते नाचणी नव्हे. ते वरीच्या जवळचे पिवळे धान्य. त्याची खीर चांगली होते, पण नाचणीच्या गुणांची अपेक्षा तिच्याकडून करू नये.

नाचणीच्या गुणांविषयीही जरा हिशेबाने बोललेले बरे. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, दुधाच्या जवळपास तिप्पट, हे खरे. पण एका वाटी सत्त्वाला पीठ लागते दोन टेबलस्पून, म्हणजे वीस ग्रॅमच्या आसपास. त्यातून मिळतात सत्तर मिलिग्रॅम, आणि नाचणीतल्या फायटेटमुळे त्यातलेही सगळे अंगी लागत नाही. त्याच वाटीत दीडशे मिलिलिटर दूध घातले तर दुधातूनच पावणेदोनशे मिलिग्रॅम मिळते. तेव्हा चार-सहा महिने नाचणी मिळाली नाही म्हणून मुलाची हाडे कच्ची राहतील, या धास्तीने कोणी झोप उडवून घेऊ नये. नाचणी शोधायची ती मुलाला तिची चव ठाऊक आहे म्हणून, आणि ती उत्तम धान्य आहे म्हणून.

पीठ मिळाले तरी सत्त्व मिळत नाही, ही त्यापुढची पायरी. घरी आजी जे सत्त्व करून देते त्यात नाचणी धुऊन, भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, मंद भाजून, दळून वस्त्रगाळ केलेली असते. हा खटाटोप केवळ परंपरेपोटी नाही. मोड येताना दाण्यात अमायलेज हे पाचक द्रव्य तयार होते आणि ते पिष्टाचे तुकडे करते. त्यामुळे तेवढ्याच पिठाची पेज कमी घट्ट होते, म्हणजे पातळपणा न वाढवता मुलाच्या लहानशा पोटात अधिक अन्न जाते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८०च्या दशकात यावर महत्त्वाचे संशोधन झाले. मोड आणलेल्या धान्याचे चमचाभर पीठ घट्ट पेजेत कालवले तरी ती काही मिनिटांत सैल होते, असे त्यातून दिसून आले. मोड आल्याने फायटेटही कमी होते. परदेशात आख्खी नाचणी मिळाल्यास हे घरी करता येते. थंडीच्या दिवसांत ओव्हन बंद ठेवून आतला फक्त दिवा लावला तर मोड येण्याइतकी ऊब मिळते. मात्र भाजण्याआधी मोड पूर्ण वाळले पाहिजेत. ओलसर राहिलेल्या पिठाला चार दिवसांत बुरशी येते.

ओट्सविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ते सर्वत्र मिळतात, स्वस्त असतात आणि परदेशी गेलेली बहुतेक मराठी मुले वर्षभरात त्यांवर येतातच. लाटलेले साधे ओट्स घेऊन दुधात मंद शिजवावेत. ‘स्टील कट’ म्हणजे दाण्याचे नुसते तुकडे, त्यांना अर्धा तास लागतो, आणि चव मात्र आपल्या दलियाच्या सर्वांत जवळची. जर्मनीत ‘श्मेल्त्सफ्लोकन’ नावाचे विरघळणारे बारीक ओट्स मिळतात. दात न आलेल्या बाळासाठी ते सोयीचे. ज्यांना ओट्सची चव बेचव वाटते त्यांनी ते आधी तुपावर परतून पाहावेत.

साखर, लोह आणि आर्सेनिक

तयार डब्यातले अन्न खाणाऱ्या बाळांची गोष्ट निराळी. भारतात ज्या नावाचा डबा बाळाला दिला जात होता, त्याच नावाचा डबा नव्या देशात आणल्यावर बाळ तोंडात घेईनासे होते, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. त्याचे एक कारण एप्रिल २०२४ मध्ये उजेडात आले. ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने केलेल्या तपासणीत नेस्लेच्या सेरेलॅकमध्ये भारतात दर खुराकामागे सरासरी २.७ ग्रॅम वरून घातलेली साखर आढळली. जर्मनी आणि ब्रिटनमधल्या त्याच प्रकारच्या उत्पादनांत ती नव्हती. आपण भारतात पाच वर्षांत साखर तीस टक्क्यांपर्यंत कमी केली आहे, असे कंपनीने त्यावर सांगितले, आणि त्याच वर्षी साखर न घातलेले प्रकार भारतात आणण्याची घोषणाही केली. बाळ नव्या डब्याला नाकारते तेव्हा ते बहुधा या फरकाला नाकारते. अशा वेळी घरून साखर मिसळण्याचा मोह होतो. त्यापेक्षा कुस्करलेले केळे किंवा शिजवलेले सफरचंद घालून आठवडाभर वाट पाहणे शहाणपणाचे. मध घालायचा असेल तर एक वर्ष पूर्ण होईपर्यंत तो अजिबात नको. मधात क्वचित असणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे लहान बाळांना बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

साखरेकडे जितके लक्ष जाते तितके लोहाकडे जात नाही. अमेरिकेतील शिफारशीनुसार सात ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवसाला ११ मिलिग्रॅम आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाला ७ मिलिग्रॅम लोह लागते. मांसाहार न करणाऱ्या घरात ते भरून काढणे सोपे नसते आणि तिथे लोह घातलेल्या डब्यांचा खरा उपयोग होतो. क्रीम ऑफ व्हीटमध्ये ते भरपूर घातलेले असते. भारतीय दुकानातल्या साध्या रव्यात ते बहुधा नसते. म्हणजे वरवर एकच असलेल्या दोन पाकिटांत मुलाच्या दृष्टीने हा एवढा मोठा भेद. युरोपात सेंद्रिय शिक्का पाहून बाळाचे धान्य घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. तिथल्या सेंद्रिय अन्नाच्या नियमांत कायद्याने आवश्यक असल्याखेरीज जीवनसत्त्वे आणि खनिजे मिसळता येत नाहीत. त्यामुळे अशा डब्यावर घातलेले म्हणून बहुधा फक्त ब-१ जीवनसत्त्व दिसते, लोह नाही. महागडा डबा या एका बाबतीत स्वस्त डब्याहून उणा ठरतो. खिरीसोबत संत्र्याच्या दोन फोडी दिल्या तर धान्यातले लोह अधिक शोषले जाते, हा उपाय मात्र कोणत्याही देशात चालतो.

तांदळाच्या पेजेविषयी थोडी सावधगिरी हवी. भाताचे पीक पाण्यात उभे असल्याने जमिनीतले आर्सेनिक ते इतर धान्यांपेक्षा अधिक ओढून घेते. युरोपीय संघाने २०१६ पासून बाळांच्या अन्नासाठीच्या तांदळात अकार्बनी आर्सेनिकची मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम ठेवली, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली बाळांच्या तांदळाच्या डब्यांसाठी तेवढीच पातळी ठरवली. याचा अर्थ मऊ भात बंद करावा असा नव्हे. रोज सकाळ-संध्याकाळ फक्त तांदूळ असा आहार बाळाला नसावा, ओट्स, गहू, नाचणी आलटून पालटून असावीत, एवढाच त्याचा अर्थ. भात भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी काढून टाकल्यानेही आर्सेनिक कमी होते. पेजेवर वाढलेल्या कोकणी माणसाला ते पाणी फेकणे जिवावर येईल, हे उघड आहे. जपानमध्ये स्थायिक होणाऱ्यांना मात्र पेजेची उणीव भासत नाही. तिथली ‘ओकायू’ म्हणजे आपली मऊ भाताची पेजच, आणि बाळांसाठी तिची तयार पाकिटेही मिळतात. रवा-नाचणीसाठी टोक्योतली भारतीय कुटुंबे एदोगावा भागातल्या निशी-कासाईच्या भारतीय दुकानांत जातात.

बॅगेतून काय न्यावे?

हे सगळे शोधण्यापेक्षा दोन महिन्यांचे सत्त्व बॅगेतूनच न्यावे, असा विचार स्वाभाविक आहे. सीलबंद, छापील नाव आणि घटक असलेले पाकीट आणि घरच्या डब्यातले पीठ यांत सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या दृष्टीने मोठा फरक असतो. पहिले तो वाचू शकतो. दुसऱ्याबद्दल त्याला प्रवाशाच्या शब्दावर विसंबावे लागते, आणि ते त्याचे काम नव्हे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अन्नपदार्थ उतरताना फॉर्मवर लिहून देणे सक्तीचे आहे. लिहून दिलेला पदार्थ फार तर काढून घेतात. न लिहिता सापडला तर जागेवर जबर दंड होतो. मोड येऊ शकेल असे आख्खे धान्य, म्हणजे नेमकी सत्त्वासाठी नेलेली नाचणी, तिथे संशयाने पाहिली जाते. अमेरिकेने खापरा भुंगेऱ्याच्या भीतीने २०११ पासून भारतासह काही देशांतून प्रवाशांनी तांदूळ आणण्यावर बंदी घातली आहे. आजीने दिलेला आंबेमोहोर विमानतळावरच राहतो. युरोपीय संघात भारतातून दुग्धजन्य पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तुपाचा डबा आणि दुधाची भुकटी मिसळलेले घरगुती मिश्रण दोन्ही बाद. बाळाच्या दुधाच्या न फोडलेल्या तयार डब्यांना त्यात मर्यादित सवलत आहे. नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ते पाहून घ्यावेत.

न्यायचेच असेल तर दोन-तीन आठवडे पुरेल एवढे सीलबंद सत्त्व न्यावे आणि ते संपण्याआधी नव्या धान्याची ओळख करून द्यावी. पहिल्या दिवशी नव्या रव्याचा एक चमचा आणि तीन चमचे जुने, मग दोनास दोन, असे करत गेल्यास बहुतेक मुलांना बदल कळत नाही. नवी चव स्वीकारायला मुलाला ती आठ-दहा वेळा किंवा त्याहून अधिक वेळा समोर यावी लागते, असे बालआहाराचे अभ्यासक सांगतात. बहुसंख्य पालक तिसऱ्या-चौथ्या नकारालाच हार मानतात आणि रंगीत खोक्याकडे वळतात.

आणि मुलाची ओळख धान्याशी जितकी असते तितकीच वासाशी असते. रवा तोच असूनही दुधात नुसताच शिजवला तर मूल तो आपला मानत नाही. तुपावर भाजून, वेलदोडा आणि गूळ घालून दिला की परका रवाही ओळखीचा होतो. तूप घरी लोणी कढवून करता येते. युरोपातले बिनमिठाचे लोणी त्याला उत्तम. गुळाच्या जागी लॅटिन अमेरिकी दुकानांतला ‘पनेला’ चालतो. तोही उसाचा रस आटवूनच केलेला असतो. जपानमध्ये ओकिनावाचा ‘कोकुतो’ तसाच. वेलदोड्याची चिंता सर्वांत कमी करावी लागते ती, नवल वाटेल, पण स्वीडन आणि फिनलंडमध्ये. तिथल्या गोड पावांत वेलदोडा इतका वापरतात की त्याची पूड कोणत्याही साध्या किराणा दुकानात, दालचिनीच्या शेजारच्या फळीवर ठेवलेली असते.